एफ काहून लागत नाही?

हिंगणा रोडवर आजवर माणसांच्या खांद्यावर दोनच बॅगा दिसायच्या. एमआयडीसीत जाणाऱ्याच्या खांद्यावर डब्याची आणि कॉलेजात जाणाऱ्याच्या खांद्यावर लॅपटॉपची. अलीकडे एक तिसरी दिसू लागली आहे : काळी, उंच, कमरेत बारीक, बुडाशी फुगीर. ही बॅग लोकमान्यनगर मेट्रो स्टेशनाचा जिना उतरते तेव्हा ऑटोवाले तिच्याकडे आशेनं बघतात आणि घरमालक धास्तीनं.

जानेवारी २०२० मध्ये सीताबर्डी ते लोकमान्यनगर मेट्रो सुरू झाली आणि बर्डीवरून अवघड आकाराच्या वस्तू सुखरूप घरी आणायची सोय झाली. त्याआधी ज्यांनी संध्याकाळच्या शहर बसमध्ये गिटार घेऊन शिरण्याचं धाडस केलं, त्यांची गिटार घरी पोचेपर्यंत युकुलेले झालेली असायची. मेट्रोत गिटारला धक्का लागत नाही. पण मेट्रोत लोकांना वेळ असतो.

“याच्यात काय आहे जी?”

“गिटार.”

“वाजवता येते?”

“शिकून राहिलो.”

“मंग वाजवा ना एखादं. सुभाषनगर यायले टाइम आहे.”

डिगडोहच्या मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाला असलेल्या पोराला कोणी ‘एखादं ऑपरेशन करून दाखव’ म्हणत नाही. वानाडोंगरीच्या इंजिनिअरिंगवाल्याला पहिल्या सेमिस्टरमध्ये कोणी पूल बांधायला लावत नाही. गिटारवाल्याला मात्र पावती खिशात असतानाच मैफल द्यावी लागते.

आमच्या वरच्या खोलीत असाच एक मेकॅनिकलचा विद्यार्थी भाड्यानं राहतो. भाडेकरारात मी कुत्रं, खिळे, रात्री उशिरा येणं आणि कूलरचं पाणी गच्चीवर सोडणं अशा सगळ्या गोष्टींचा बंदोबस्त केला होता. तंतुवाद्यांचं कलम मला सुचलं नव्हतं. त्यामुळे एका संध्याकाळी छतातून ‘टंग्’ असा आवाज आला, थोड्या वेळानं जरा वरचा ‘टिंग्’ आला, मग तो आवाज चढत चढत गेला आणि शेवटी ‘फट्’ झालं. पोरगा मोबाइलवरच्या ट्यूनरकडे बघत पहिली तार चढवत होता आणि तार त्या स्वरापर्यंत येऊन पुढे गेली होती. सहा तारांमध्ये ही सगळ्यांत बारीक, त्यामुळे आपण नवशिक्याच्या हाती पडलो आहोत हे पहिल्यांदा तिलाच कळतं. हिंगणा रोडवरच्या बऱ्याच होस्टेलांत गिटार पाचच तारांची असते, त्याचं कारण हे.

आमच्या शेजारी टूलरूमवाले भाऊ राहतात. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते डाय बसवतात. त्यांच्या हातात कुठलीही वस्तू द्या, ते ती आधी उलटी करून बघतात. त्यांनी गिटार उलटी केली, तशी आतून प्लास्टिकची एक तिकोनी चकती पडली. पोरगा आनंदला. ते त्याचं हरवलेलं पिक होतं. गिटारच्या पोटात पिक पडणं आणि ती हलवून हलवून काढणं हा सगळ्यांना येणारा पहिला व्यायाम आहे. तो कुठल्याच पुस्तकात दिलेला नसतो.

भाऊंनी मग व्हर्नियर आणि स्टीलची पट्टी आणली. तारा वर जिथे टेकतात त्या नटपासून मानेवरच्या बाराव्या आडव्या पट्टीपर्यंत, म्हणजे बाराव्या फ्रेटपर्यंत, ३२४ मिलिमीटर भरलं. बाराव्या फ्रेटपासून तारा खाली जिथे टेकतात त्या सॅडलपर्यंतही तेवढंच भरायला हवं, कारण तारेच्या बरोबर मध्यावर बोट ठेवलं की स्वर एक सप्तक वर जातो. बारीक तारेच्या बाजूनं माप जवळपास जुळलं. जाड तारेच्या बाजूनं दोन-तीन मिलिमीटर जास्त आलं.

“सॅडल तिरपं बसवलं आहे,” भाऊ म्हणाले. “रिजेक्ट.”

पोरानं मोबाइलवर शोधून सांगितलं की ते मुद्दाम तिरपं ठेवतात. जाड तार दाबली की ती जास्त ताणली जाते आणि स्वर चढा लागतो, म्हणून तिची लांबी आधीच थोडी वाढवून ठेवायची.

“म्हणजे कॉम्पेन्सेशन दिलं,” भाऊ जरा नरमले. “मंग ड्रॉइंगवर लिहाले काय झालं होतं त्याइले?”

गिटारला ड्रॉइंग नसतं हे कळल्यावर भाऊ थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांना आणखी एक गोष्ट कळली : सहा पोलादी तारांची मिळून ओढ ७० किलोंच्या आसपास असते. “एवढा लोड, अन् फाउंडेशन प्लायवूडचं?” तेव्हापासून गिटारबद्दल त्यांच्या मनात आदर आहे. तारा बाराव्या फ्रेटपाशी अडीच मिलिमीटरभर उंच असाव्यात, त्या चारच्या वर होत्या. स्वस्त गिटारचं खरं दुखणं हेच. शिकणाऱ्याला वाटतं आपली बोटं कमजोर आहेत. भाऊंनी मानेतल्या लोखंडी सळईला अ‍ॅलन कीनं पाव फेरा दिला, सॅडल काढून एमरी पेपरवर खालून घासलं आणि गिटार परत करताना विचारलं, “आता सांग, प्रोग्राम काय लोड करायचा?”

प्रोग्राम म्हणजे कॉर्ड.

कॉर्डची गंमत अशी की त्याचं पहिलं पाऊल फार सोपं ठेवलेलं आहे. ई-मायनर. पाचवी आणि चौथी तार, दोन्हींवर दुसऱ्या फ्रेटपाशी दोन बोटं, आणि सहाही तारा बिनधास्त छेडा. काही चुकत नाही. खोलीभर भारदस्त आणि जरासा उदास आवाज घुमतो. गिटार विकत घेतलेल्या दर माणसाला ई-मायनर लागल्यावर वाटतं की आपल्यात काहीतरी होतं, घरच्यांनीच ओळखलं नाही. मीही एकदा वर जाऊन लावून पाहिला. मलाही तसंच वाटलं.

त्या आठवड्यात वरच्या खोलीतून अखंड ई-मायनर येत होता. समोर राहणारे निवृत्त संगीतशिक्षक, ज्यांना सगळी गल्ली गुरुजी म्हणते, एका सकाळी फाटकापाशी थांबले. तंबोऱ्यावर गळा घासलेला माणूस. मी म्हटलं, आता तक्रार येणार. ते म्हणाले, “पोराला जरा खाली बोलवा. एकच गोष्ट किती दिवस सांगणार तो?”

गुरुजींनी त्याला सरगमात समजावलं. पांढरी एकला सा धरला तर सी म्हणजे सा-ग-प एकदम. एफ म्हणजे म-ध-सा. जी म्हणजे प-नी-रे. ए-मायनर म्हणजे ध-सा-ग. एक स्वर सोडून एक घ्यायचा आणि तिघांना एकाच वेळी बोलू द्यायचं, एवढाच कॉर्डचा कारभार. मेजरमधला गंधार कोमल केला की तो मायनर होतो. सगळा आनंद नि सगळं दुःख त्या एका गंधारावर. पोरानं लगेच सी लावला. गुरुजींनी डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांच्या मधोमध एक आठी पडली.

“ग चढा आहे.”

पोरानं ट्यूनर दाखवला. हिरवा दिवा होता. गुरुजींनी दिव्याकडे पाहिलंही नाही.

आणि गुरुजींचं बरोबर होतं. तंबोऱ्याचा खर्ज नीट जुळला की त्यातून कोणी न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. तो षड्जापासून ३८६ सेंटवर असतो. गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा सारखे तुकडे करून बसवलेले असतात, त्यामुळे तिचा गंधार ४०० सेंटवर जाऊन बसतो. चौदा सेंट म्हणजे एका स्वरापासून लगतच्या स्वरापर्यंतच्या अंतराचा सातवा हिस्सा. ट्यूनरला हे दिसत नाही, गुरुजींच्या आठीला दिसतं. पेटीवरही हाच आरोप होता. त्यासह आणखी काही आरोप ठेवून आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटी बंद ठेवली होती. पेटीची शिक्षा भोगून झाली. गिटारवर आमच्या गल्लीत खटला अजून सुरू आहे.

पोरगा मात्र पुढे गेला. ई-मायनर, सी, जी, डी असे चार कॉर्ड झाले. चार कॉर्ड आले की जगातली निम्मी गाणी वाजवता येतात, असं इंटरनेटवरचा दर शिक्षक सांगतो. उरलेली निम्मी गाणी हीच आपल्या पाहुण्यांच्या आवडीची असतात, हे मात्र कोणी सांगत नाही.

रविवारी पोराचे मामा आले. “वाजव रे काहीतरी.” पोरानं मन लावून चारही कॉर्ड दोनदा फिरवले. मामा वाट बघत राहिले.

“छान. पण गाणं कधी सुरू होईल?”

“हेच गाणं आहे, मामा.”

“म्हणजे कोणतं?”

इथे मामांची काही चूक नाही. आपल्याकडे वाद्य म्हणजे सूर वाजवणारी वस्तू. लग्नात सनई गाणं वाजवते, बँडवाला क्लॅरिनेटवर गाणं वाजवतो, पेटीवर बोटं फिरली की पहिल्या ओळीतच लोक ओळखतात. कॉर्ड गाणं वाजवत नाही. तो गाण्याच्या बाजूला उभा राहतो. गाणं तुम्हाला म्हणावं लागतं. आणि गळ्यानं गाणं म्हणता आलं असतं तर या पोरानं गिटार कशाला घेतली असती?

आपल्या कानांना कॉर्ड नवे आहेत असंही नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये लहानपणीच नोटेशन शिकलेले वादक मुंबईला गेले आणि त्यांनी हिंदी सिनेमाच्या गाण्यांखाली कॉर्डांचा पाया घातला. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसोझा अ‍ॅरेंजमेंट लिहायचे. गोव्याचेच अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले. १९७१ च्या ‘दम मारो दम’मधली गिटार गायक भूपिंदरसिंगांच्या हातची. ती आख्ख्या नागपूरला पाठ आहे. पण ती आपण गाणं म्हणून ऐकली, कॉर्ड म्हणून नाही. म्हणून मामांनी मूळ गाणं हजार वेळा ऐकलेलं असतं, आणि त्याचे कॉर्ड वाजवले की ते पंख्याकडे बघतात.

मामा गेल्यावर पोरगा दोन दिवस उदास होता, ई-मायनरपेक्षा जास्त. त्याला त्यातून काढलं ते काकाजींनी. काकाजी गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात खंजिरी वाजवतात. त्यांनी वरच्या खोलीतला खडखडाट ऐकला आणि मला विचारलं, “हे पोट्टं मधात मधात थांबते काहून?”

काकाजींना गिटार कशी वाजवतात याची काही कल्पना नव्हती. त्यांनी फक्त पोराचा उजवा हात बघितला. आजवर सगळ्यांनी डाव्याकडेच पाहिलं होतं. पोरगा फळ्यावर लिहिलेली स्ट्रोकची चाल पाठ करत होता : खाली, खाली, वर, वर, खाली, वर. प्रत्येक शब्दाला हात एकदा हलायचा, मग पुढचा शब्द आठवेपर्यंत थांबायचा.

“अबे, तुझ्या डिग्रीवर महाराजांचं नाव येईल, अन् तुले खंजिरीचा ठेका माहीत नाही?”

नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे आणि महाराजांच्या हातात कायम खंजिरी असे, हे दोन्ही खरं. या दोन गोष्टींचा संबंध अभ्यासक्रमात कुठे येत नाही हेही खरंच. काकाजींनी खंजिरी काढून दाखवली. हात खाली-वर, खाली-वर सतत चालू. कधी तो कातड्यावर पडतो, कधी हवेतून जातो. न पडलेला ठोकाही हातानं मारलेलाच असतो, फक्त आवाज होत नाही. पोरगा बघत राहिला. गिटारचं नेमकं तेच आहे : मनगट घड्याळासारखं एकसारखं फिरत ठेवायचं, काही फेऱ्यांत तारांना लागायचं, काही फेऱ्यांत चुकवायचं. इतके दिवस तो नुसते लागणारे स्ट्रोक मोजत होता.

मग काकाजींनी त्याला भजनाचा मोठा नियम सांगितला. “चुकला तं चालते. थांबला तं चालत नाही. पन्नास माणसं टाळ्या वाजवून राहिले, त्याइले काय सांगशील? थांबा, माझं बोट शोधून राहिलो?”

उजवा हात असा मार्गाला लागला आणि मग, कोणतंही गाणं सी पट्टीत धरलं की जो येतोच, तो आला. एफ.

ज्यांनी गिटार कधी हातात घेतली नाही त्यांना एफबद्दल सांगायला हवं. सुरुवातीचे कॉर्ड म्हणजे दोन-तीन बोटं दोन-तीन तारांवर. एफमध्ये तर्जनी पहिल्या फ्रेटवर आडवी झोपवून सहाच्या सहा तारा तिनंच दाबायच्या. तिथं नट लागूनच असतो, तार सगळ्यांत ताठ लागते. ते करत असताना मधलं बोट तिसऱ्या तारेवर, अनामिका पाचवीवर आणि करंगळी चौथीवर. करंगळीला तोवर आयुष्यात कोणी कामाला लावलेलं नसतं. शिवाय तर्जनीच्या पेराची जिथे घडी पडते, त्या खाचेत एखादी तार बरोबर जाऊन लपते. वाजवलं की ‘टप्, टप्, झ्झ, टप्’. गल्लीतल्या ज्यांना संगीत कळत नव्हतं त्यांनाही हे कळलं की आज वर काहीतरी वाजत नाहीये.

‘जवळजवळ नवीन गिटार विकणे आहे’ अशी जाहिरात कुठे दिसली तर विकणाऱ्याला कारण विचारू नका. एफ वाजवून दाखवायला सांगा, कारण कळेल.

पळवाटा आहेत. तर्जनीनं दोनच तारा दाबायचा लहान एफ आहे. गाणं जी पट्टीत उचललं तर जी, सी, डी यांवर भागतं, एफ वाटेतच येत नाही. पोरगा सगळ्या पळवाटा वापरून झाल्यावर बोटांची टोकं दाखवत ओट्यावर बसला होता. तारांचे वळ उमटले होते. तेवढ्यात टूलरूमवाल्या भाऊंच्या आई आल्या. आजींचं उभं आयुष्य वेणेकाठच्या काळ्या रानात कापूस वेचण्यात गेलं. उकललेल्या बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी असतात; दिवाळीपासून पुढे कित्येक महिने रोज ती बोटांत जातात. आजींच्या बोटांची टोकं आता एमरी पेपरनं घासली तर पेपर गुळगुळीत होईल.

“कुठं दुखते रे बाबू?”

पोरानं गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली आणि तर्जनी आडवी लावून दिली. आजींनी सहज, घरातल्या मांजराला दाबून बसवावं तितक्या सहज, बोट दाबलं. पोरानं तारा छेडल्या. सहाच्या सहा वाजल्या. एकही ‘टप्’ नाही.

“एवढंच?” आजी म्हणाल्या. “अन् याचे पैसे कसे देतात, किलोनं का रोजानं?”

त्या दिवसापासून पोरानं बोटं दाखवणं बंद केलं. घट्टे पडायला काही आठवडे जातात. ते पडेपर्यंत रोज थोडं थोडं वाजवावं, एकाच दिवशी तीन तास नाही. कापूस वेचणाऱ्यांचीही बोटं एका दिवसात तयार होत नाहीत.

एफ कसाबसा उभा राहिला, पण गाण्यात तो वेळेवर येईना. सी वाजायचा, मग एक लांब शांतता, त्या शांततेत पोराचे ओठ हलायचे, आणि काकाजींच्या शिकवणीतला उजवा हात हवेत नुसताच फिरत राहायचा. इथं पुन्हा टूलरूमवाल्या भाऊंचं काम पडलं.

“कॉर्ड पकडाले काही लागत नाही,” ते म्हणाले. “प्रॉब्लेम शिफ्ट बदलताना आहे.”

एमआयडीसीत तीस वर्षं काढलेल्या माणसाचा हा शब्द होता. माल खराब निघतो तो पाळी सुरू असताना नाही. फस्ट शिफ्टवाला हात धुवायला गेलेला आणि सेकंड शिफ्टवाला अजून गेटवर पंचिंग करतोय, अशा पाच मिनिटांत निघतो. चांगला सुपरवायझर तो, जो नवा माणूस मशीनपाशी उभा राहिल्याशिवाय जुन्याला सोडत नाही. भाऊंनी पोराच्या डाव्या हाताची हजेरी घेतली. सीवरून ए-मायनरवर जाताना तर्जनी आणि मधलं बोट जागचं हलतच नाही, फक्त अनामिका पाचव्या तारेवरून तिसरीवर जाते. “मंग तू तिघांनाही काहून उचलून राहिला? दोघं डबल ड्युटीवर आहेत ना!” जीवरून सीवर जाताना तिघांचीही एकदम सुटी होते, तिथं आधी कोण पोचेल ते ठरवून घ्यायचं. सीवरून एफवर जाताना सगळ्यांना एकदम उतरवायचं, पण हवेतच आपापल्या जागेच्या रांगेत उभं करून.

जस्टिन सँडरको नावाचे एक ऑस्ट्रेलियन शिक्षक इंटरनेटवर गिटार शिकवतात. एका मिनिटात दोन कॉर्डांमध्ये किती वेळा ये-जा होते ते मोजायचं, असा एक सराव त्यांनी लोकप्रिय केला आहे. भाऊंना हे कळल्यावर तो माणूस नक्की कुठल्यातरी कारखान्यात असणार असं त्यांचं मत झालं. त्यांनी वरच्या खोलीत भिंतीवर तक्ता लावला : तारीख, शिफ्ट, ‘सी ते एफ’, पीस, रिजेक्शन, सही. खिळा ठोकायला मीच परवानगी दिली. रोज ड्युटीवरून आल्यावर भाऊ मोबाइलवर मिनिट लावायचे, पोरगा ये-जा करायचा आणि शेवटच्या रकान्यात भाऊ खरोखरची सही करायचे. रिजेक्शन हळूहळू उतरत गेलं. उन्हाळ्यात एकदा एकाएकी चढलं, तेव्हा भाऊंनी तपास केला : पोरगा कूलरसमोर बसून वाजवत होता. कूलरच्या ओलसर वाऱ्यानं लाकूड फुगतं आणि तारा वर येतात. बाहेर ठेवावी तर मे महिन्यातल्या आमच्या कोरड्या झळांनी तडे जायची भीती. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. नागपुरात एवढी ती दोन ऋतूंच्या मधल्या कुठल्यातरी मंगळवारी असते. भाऊंनी गिटारची जागा कूलरपासून दूर, आतल्या भिंतीपाशी ठरवून दिली आणि तशी नोंद तक्त्यावर केली.

कोजागिरीला गल्लीच्या गच्चीवर दूध आटत होतं. काकाजींनी जाहीर करून टाकलं की पोरगा भजनाला साथ करणार. पट्टी विचारली तर म्हणाले, “आमची काळी एक.”

पोरानं गिटारकडे बघितलं. तिच्यावर काळं काही नव्हतं. गुरुजींनी सांगितलं, पांढरी एक म्हणजे तुझा सी, त्याच्यापुढची काळी एक म्हणजे सी शार्प. भाऊंनी पहिल्या फ्रेटवर कॅपोचा चिमटा लावला. आता सीचाच आकार धरला तरी काळी एक वाजते. शिवाय कॅपो तारा खाली दाबून धरतो आणि पुढचे फ्रेट किंचित अरुंद असतात, त्यामुळे एफचा आकारही जरा सैल पडतो, हे भाऊंनी आधीच मोजून ठेवलं होतं. पोरानं शेवटची पळवाट काढून पाहिली : सहाव्या फ्रेटवर कॅपो लावून जीचे आकार धरले तर एफ लागतच नाही. दोन स्ट्रोक वाजवले. काकाजी म्हणाले, “हे मेंडोलिन कोणी आणलं? खाली घे.”

भजन सुरू झालं. सी, जी, पुन्हा सी. दुसऱ्या ओळीत सगळ्यांचा आवाज एकदम वर चढतो, तिथं एफ. मी पोराच्या डाव्या हाताकडे बघत होतो. हात उठला, हवेत रांग लागली, उतरला. दोन तारा वाजल्या नाहीत, एक खरखरली. पण खंजिरीच्या वरून काकाजींचे डोळे त्याच्यावर रोखलेले होते आणि उजवा हात थांबला नाही. पुढच्या ठोक्याला तो पुन्हा सीवर होता. पन्नास माणसांच्या टाळ्यांपैकी एकही टाळी चुकली नाही. गिटार वाजवणं ज्याला म्हणतात ते बहुधा हेच असावं. बाकी सगळी बोटांची जागा शोधण्याची तयारी. आमच्या पोराचा डावा हात एमआयडीसीत तयार झाला आणि उजवा भजनात, आणि दोघांपैकी उजवा जास्त महत्त्वाचा निघाला, हे त्याच्या कुठल्याही ऑनलाइन कोर्समध्ये नव्हतं.

भजन संपलं. गुरुजींनी एक डोळा उघडून ‘ग’ एवढंच म्हटलं आणि दुधाचा ग्लास घेतला. आजींनी विचारलं, आज किती झाला? भाऊंनी हिशेब केला होता : “एफचे बारा पीस. तीन रिजेक्ट, दोन रिवर्क. पहिला लॉट पास.”

पोरगा इतका खूश झाला की त्यानं तिथंच सांगून टाकलं, पुढचा कॉर्ड बी-मायनर आहे, तर्जनी तशीच आडवी, फक्त दुसऱ्या फ्रेटवर आणि वरची बोटं वेगळी. दुसऱ्या दिवशी भाऊ ड्युटीवरून आले ते नवा तक्ता छापूनच. या वेळी त्यात ‘टार्गेट’चा रकाना वाढवला होता, आणि सहीच्या पुढे आणखी एक सही : घरमालक.